हाय-रिस्क प्रेग्नन्सीची फेलोशिप: दोन वर्षं कुठे द्यावीत, कुठे देऊ नयेत

एमडी झालेल्या गायनॅक डॉक्टरांपुढे आज साधारण तीन वाटा असतात: आयव्हीएफ, लॅप्रोस्कोपी आणि हाय-रिस्क प्रेग्नन्सी. पहिल्या दोन वाटांवर काय हाती लागणार हे निदान मोजता तरी येतं. तिसऱ्या वाटेवर एकाच नावाखाली फार वेगवेगळा माल विकला जातो. कुठे ती खरोखरची दोन वर्षांची फेलोशिप असते, कुठे सोनोग्राफीच्या खोलीत बसून करायचा कोर्स असतो, तर कुठे कमी पैशात रजिस्ट्रार मिळवायची हॉस्पिटलची सोय असते. हे परीक्षण कुठल्या एका हॉस्पिटलचं नाही, या प्रशिक्षणाचंच आहे. लावलेला निकष साधा आहे. कोर्स संपल्यावर रात्री दोन वाजता तालुक्याहून पाठवलेली, २९ आठवड्यांची, बीपी १८०/१२० असलेली बाई समोर आली, तर आईचं आणि बाळाचं दोन्ही गणित तुम्हाला एकत्र मांडता येतं का?

आधी दारं कोणती आहेत ते पाहू. भारतात सगळ्यात वजनदार दार एनबीईएमएसचं, म्हणजे पूर्वीच्या नॅशनल बोर्डाचं. त्याची फेलोशिप, म्हणजे एफएनबी, दोन वर्षांची असते, प्रवेश फेलोशिप एन्ट्रन्स टेस्टमधून होतो, आणि शेवटी लेखी आणि प्रात्यक्षिक अशी परीक्षा असते. इथे पहिला घोळ होतो. बोर्डाच्या यादीत ‘हाय रिस्क प्रेग्नन्सी अँड पेरिनॅटॉलॉजी’ आणि ‘मॅटर्नल अँड फीटल मेडिसिन’ अशी दोन नावं आहेत. जागावाटपाच्या काऊन्सेलिंगच्या वेळी पुष्कळ जण दोन्ही एकच समजून गावाच्या सोयीने जागा घेतात. पहिल्यात आई आणि नवजात बाळ यांच्यावर भर अपेक्षित असतो, दुसऱ्यात गर्भाच्या तपासणीवर आणि पोटातून सुई घालून करायच्या कामावर. प्रत्यक्षात किती फरक पडतो हे त्या हॉस्पिटलवर ठरतं, पण नाव वाचून तरी जागा घ्यावी.

दुसरं दार विद्यापीठांच्या फेलोशिपचं. आपल्याकडे नाशिकचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ मान्यताप्राप्त संस्थांमधून फेलोशिप चालवतं. त्या साधारण वर्षभराच्या असतात. तिसरं दार खासगी केंद्रांचं, सहा महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत. चेन्नईचं मेडीस्कॅन हे गर्भाच्या सोनोग्राफीचं जुनं शिक्षणकेंद्र. हैदराबादचं फर्नांडिस हॉस्पिटल, १९४८ पासूनचं, बाळंतपणाच्याच कामाला वाहिलेलं. चौथं दार लंडनच्या फीटल मेडिसिन फाउंडेशनचं. त्यांचे ऑनलाइन कोर्स मोफत आहेत, पण एनटी स्कॅनचं (बाळाच्या मानेमागच्या पाण्याची जाडी मोजणाऱ्या सोनोग्राफीचं) प्रमाणपत्र हवं तर स्वतः काढलेल्या प्रतिमा तपासायला पाठवाव्या लागतात, आणि सॉफ्टवेअरचा परवाना चालू ठेवायला ऑडिट द्यावं लागतं. हे फेलोशिपच्या जागी चालत नाही. फेलोशिपला जाण्याआधी मात्र जरूर करावं, कारण पहिले दोन महिने वाचतात.

आता मुख्य गोष्ट. या विषयाला तीन खोल्या आहेत: सोनोग्राफीची खोली, लेबर रूमला लागून असलेलं एचडीयू (गंभीर आयांवर सतत लक्ष ठेवणारा कक्ष), आणि नवजात बाळांचं आयसीयू. तिन्ही खोल्यांत तुमची ड्यूटी लागत असेल तरच ती हाय-रिस्कची फेलोशिप. आपल्याकडचे बहुतेक कोर्स पहिल्या खोलीत उत्तम, दुसऱ्यात कामचलाऊ आणि तिसऱ्यात फक्त नावाला असतात.

सोनोग्राफीची खोली

इथे शिकवणं चांगलं होतं, कारण इथे पैसा आहे आणि पेशंटांची रांग आहे. चांगल्या केंद्रात पहिले तीन महिने फेलोला मोजमापाची शिस्त लावली जाते. एनटीचं उदाहरण घ्या. बाळाची लांबी ४५ ते ८४ मिलिमीटर असतानाच ही मोजणी चालते. डोकं आणि छाती एवढंच पडदाभर दिसलं पाहिजे, मान ना वाकलेली ना ताणलेली, छेद बरोबर मध्यातून. कॅलिपर रेषेच्या आत किंवा बाहेर नाही, रेषेवर बसवायचा. गेन जास्त ठेवला की रेषा जाड दिसते आणि आकडा खोटा येतो. नवशिक्याची ठरलेली चूक म्हणजे गर्भजलाच्या पडद्यालाच त्वचा समजणं. बाळ हलेपर्यंत थांबलं की पडदा आणि त्वचा वेगळी दिसतात. पण बाहेर चाळीस पेशंट बसलेले असताना थांबायला कोण शिकवतो, यावरून केंद्राची पत कळते.

अकाली बाळंतपणाचा धोका ओळखायला गर्भपिशवीच्या तोंडाची लांबी मोजणं हे त्याहून सोपं वाटतं आणि त्याहून जास्त चुकतं. लघवी करून आलेली पेशंट, योनीमार्गातला प्रोब, आणि प्रोबचा दाब इतका कमी की पुढचा आणि मागचा ओठ सारख्याच जाडीचे दिसावेत. तीन ते पाच मिनिटांत तीनदा मोजायचं आणि सगळ्यात कमी आलेला चांगला आकडा लिहायचा. प्रोब दाबला की तोंड लांब दिसतं. २२ मिलिमीटरचं २७ होतं आणि प्रोजेस्टेरॉन सुरू व्हायची ती बाई घरी जाते. २५ मिलिमीटरच्या रेषेवर पुढचे सगळे निर्णय उभे असल्यामुळे या पाच मिलिमीटरांची किंमत मोठी आहे. पोटावरून मोजलेली लांबी रिपोर्टात लिहून मोकळं होणाऱ्या केंद्रात शिकायला जाऊ नये.

डॉपलरमध्ये, म्हणजे रक्ताचा प्रवाह दाखवणाऱ्या सोनोग्राफीत, बाळाच्या मेंदूतल्या रक्तवाहिनीतला वेग मोजायला शिकवतात का, हे विचारून घ्यावं. आरएच निगेटिव्ह आई सेन्सिटाइझ झाली असेल, म्हणजे तिच्या रक्तात बाळाच्या रक्ताविरुद्ध अँटिबॉडी तयार झाल्या असतील, तर बाळाला रक्त कमी पडतंय का हे आता सुई न घालता यावरूनच कळतं. वेग त्या आठवड्याच्या सरासरीच्या दीडपटीच्या वर गेला की धोका. मोजायचं ते वाहिनी जिथून निघते त्या जवळच्या भागात, कोन शून्याच्या आसपास ठेवून, बाळ शांत असताना. कोन दुरुस्तीचं बटण वापरून काढलेला आकडा इथे ग्राह्य धरू नये. ३५ आठवड्यांनंतर खोटे धोके वाढतात, तेव्हा एका आकड्यावर कोणाला सिझेरियनला घेऊ नये. हे सगळं पुस्तकात आहे. प्रश्न एवढाच की फेलोने काढलेली प्रतिमा कन्सल्टंट पुन्हा तपासतो, की फक्त रिपोर्टवर सही करतो.

जुळ्यांच्या बाबतीत तर पहिला स्कॅनच सगळं ठरवतो. वार (प्लासेंटा) एक की दोन, हे १४ आठवड्यांच्या आत दोन बाळांमधला पडदा वारेला मिळतो तिथली ‘टी’ किंवा ‘लॅम्डा’ आकाराची खूण बघून लिहायचं असतं. नंतर ते सांगणं अवघड होत जातं. वार एकच असेल तर १६व्या आठवड्यापासून दर दोन आठवड्यांनी बोलवायचं. एका बाळाच्या पिशवीत सगळ्यात खोल जागी दोन सेंटिमीटरहून कमी पाणी आणि दुसरीत आठहून जास्त, अशी अवस्था दिसली की पुढचा फोन फीटल लेझर (वारेतल्या दोन बाळांना जोडणाऱ्या रक्तवाहिन्या लेझरने बंद करणं) करणाऱ्या केंद्राला गेला पाहिजे. लेझर करणारी केंद्रं देशात मोजकीच आहेत. ‘आमच्याकडे लेझर शिकवतो’ अशी जाहिरात असेल तर वर्षाला किती केसेस होतात आणि त्यातल्या किती फेलोच्या हातून, एवढं विचारलं की पुरे. दोन वर्षांत लेझर स्वतंत्रपणे करता येईल अशी अपेक्षा ठेवू नये. कधी आणि कुठे पाठवायचं हे कळलं तरी मोठं काम झालं.

सुई कोणाच्या हातात

फेलोशिपमधली सगळ्यात मोठी निराशा इथे होते. कोर्सच्या माहितीपत्रकात ‘इन्व्हेझिव्ह प्रोसीजर्स’ असं ठळक लिहिलेलं असतं, आणि वर्ष संपता संपता लॉगबुकमध्ये ‘पाहिलं’ आणि ‘मदत केली’ हे दोनच रकाने भरलेले असतात. कारणही उघड आहे. कॉर्पोरेट हॉस्पिटलात पेशंट कन्सल्टंटच्या नावाने आलेली असते, पैसे मोजून आलेली असते, तिच्या पोटात फेलोने सुई घालावी अशी तिची तयारी नसते आणि कन्सल्टंटचीही नसते. पालिकेच्या किंवा ट्रस्टच्या हॉस्पिटलात हात लवकर बसतो.

गर्भजल काढणं हे कागदावर चार ओळींचं काम आहे. १५ आठवडे पूर्ण झाल्यावर, सोनोग्राफी चालू असताना, २२ गेजची स्पायनल नीडल, सुईचं टोक पडद्यावर सतत दिसतं अशा बेताने आत. पहिले दोन मिलिलिटर टाकून द्यायचे, म्हणजे आईच्या पेशी नमुन्यात मिसळत नाहीत. मग वेगळ्या सिरिंजने १५ ते २० मिलिलिटर. बिघडतं ते असं: गर्भजलाचा पडदा अजून बाहेरच्या पडद्याला नीट चिकटलेला नसेल तर तो सुईच्या टोकापुढे तंबूसारखा ताणला जातो. सुई आत गेलेली दिसते, पाणी मात्र येत नाही. नवशिका इथे घाबरून सुई मागेपुढे करतो. सुई गोल फिरवत एकदाच ठामपणे पुढे सरकवणं किंवा सरळ आठवडाभर थांबणं, हे दोनच शहाणे उपाय. आईचं पोट जाड असेल तर नेहमीची नऊ सेंटिमीटरची सुई पुरतच नाही. लांब सुई ट्रेमध्ये आधीच हवी, टोचल्यावर मागवायची नसते. नमुना गोठला तर पेशी वाढत नाहीत, तो खोलीच्या तापमानाला पाठवायचा. सोबत आईचं रक्त ईडीटीएच्या नळीत गेलं पाहिजे, म्हणजे मिसळ झाली असेल तर प्रयोगशाळेला कळतं. आरएच निगेटिव्ह आईला ७२ तासांत अँटी-डी. आणि संमतीचा ‘फॉर्म जी’ तिला समजणाऱ्या भाषेत, त्याची प्रत तिच्या हातात. हे शेवटचं काम नर्सवर ढकलणारे डॉक्टर तपासणी पथकासमोर गोत्यात येतात.

बाळाला पोटातच रक्त देण्याचं काम शिकवणारं केंद्र असेल तर तिथल्या रक्तपेढीची चौकशी करा. ओ निगेटिव्ह, ताजं, घट्ट केलेलं, म्हणजे हिमॅटोक्रिट (लाल पेशींचं प्रमाण) ७५ ते ८५ टक्के, आणि इरॅडिएट केलेलं, म्हणजे किरणोत्सर्गाचा मारा केलेलं, रक्त लागतं. इरॅडिएटर प्रत्येक रक्तपेढीत नसतो. तो जवळपास नसेल तर त्या केंद्रात अशा केसेस फारशा होत नसणार, माहितीपत्रक काहीही म्हणो.

एचडीयू: इथेच बहुतेक कोर्स उघडे पडतात

आईचा जीव सोनोग्राफीच्या खोलीत वाचत नाही. महाराष्ट्राचा मातामृत्यूचा आकडा २०१८-२० च्या नमुना नोंदणीत लाखाला ३३ होता, देशाचा ९७. राज्य म्हणून आपण बरे आहोत. पण बाई जाते ती अजूनही रक्तस्रावाने, बीपीने, जंतुसंसर्गाने, हृदयविकाराने. हे हाताळणं एचडीयूच्या रात्रपाळीतच शिकता येतं. जिथे फेलोचा दिवस संध्याकाळी सहाला संपतो, तिथे हाय-रिस्क शिकायला मिळत नाही.

बीपी वाढून झटके आलेल्या पेशंटला मॅग्नेशियम सल्फेट द्यायचं हे एमबीबीएसलाही माहीत असतं. पण पहाटे चार वाजता ते बरोबर भरलं जातं का? आपल्याकडे मिळणारी ५० टक्क्यांची दोन मिलिलिटरची ॲम्प्युल म्हणजे एक ग्रॅम. प्रिचर्ड पद्धतीच्या पहिल्या डोसला एकूण १४ ॲम्प्युल लागतात. त्यातल्या चार, म्हणजे आठ मिलिलिटर, बारा मिलिलिटर पाण्यात मिसळून शिरेतून सावकाश, निदान पाच मिनिटं घेऊन. उरलेल्या दहा दोन्ही कुल्ल्यांत पाच-पाच, खोल स्नायूत. मग दर चार तासांनी पाच ग्रॅम. पण प्रत्येक वेळी देण्याआधी गुडघ्यावर हातोडी मारली की पाय उडतो का, श्वास मिनिटाला निदान १६ आहे का, लघवी तासाला निदान ३० मिलिलिटर होते का, हे बघूनच. लघवी कमी असेल तर पहिला डोस तोच ठेवायचा, पुढचे रोखायचे. नेमकं हेच उलटं केलं जातं: क्रिएटिनिन वाढलेलं बघून पहिलाच डोस अर्धा करतात आणि झटका परत येतो. मॅग्नेशियमचा उतारा म्हणून कॅल्शियम ग्लुकोनेटची दहा मिलिलिटरची ॲम्प्युल ट्रेमध्ये शेजारी नसेल तर त्या एचडीयूत फेलोशिप करण्यात अर्थ नाही.

हृदयविकाराच्या केसेस येतात का, हे विचारायचा दुसरा प्रश्न. आपल्याकडे अजूनही लहानपणीच्या संधिवाताच्या तापामुळे (रुमॅटिक फीव्हर) हृदयाची झडप आकसलेल्या बायका गरोदर राहतात. त्यातल्या कित्येकींचा आजार पहिल्यांदा पाचव्या-सहाव्या महिन्यात दम लागल्यावरच कळतो. अशा बाईचं बाळंतपण नीट झालं की सगळे सुस्कारा टाकतात, आणि फुप्फुसात पाणी भरतं ते नेमकं त्यानंतर, पहिल्या २४ तासांत, पिशवीतलं रक्त एकदम परत फिरल्यामुळे. रक्तस्राव थांबवायचं मिथरजिन सवयीने टोचलं की आगीत तेल. हे शिकायला कार्डिऑलॉजिस्ट, भूलतज्ज्ञ आणि गायनॅक एकाच राऊंडला उभे असतात अशी जागा हवी. परळचं नौरोसजी वाडिया प्रसूतिगृह १९२६ पासूनचं आहे. केईएम आणि टाटा त्याच्या पंचक्रोशीतच आहेत. मुंबईच्या अशा मोठ्या रेफरल हॉस्पिटलांत केसेसची विविधता कोणत्याही चकचकीत केंद्राहून जास्त मिळते. स्कॅनची मशीन मात्र कदाचित जुनी असेल, आणि तिच्यासाठी रेसिडेंट, फेलो, लेक्चरर सगळे ताटकळत असतील.

सिझेरियन वाढली तशी वार पिशवीत रुतण्याची गुंतागुंतही वाढली. वार खाली, पिशवीच्या तोंडावर असेल आणि आधी एक सिझेरियन झालं असेल तर धोका साधारण ११ टक्के, दोन झाली असतील तर ४० टक्क्यांच्या घरात. फेलोशिपमध्ये या शस्त्रक्रियेत नुसतं रिट्रॅक्टर धरून उभं राहिलात तरी हरकत नाही. पण त्याआधीच्या आठवड्यातली बैठक कशी होते, रक्ताच्या किती पिशव्या राखून ठेवतात, युरॉलॉजिस्टला कधी सांगतात, ३४ ते ३६ आठवड्यांतला दिवस कसा ठरतो, हे सगळं फेलोच्या हातून झालं पाहिजे. पुढे स्वतःच्या गावी हीच बैठक तुम्हालाच भरवायची आहे.

नवजात बाळांच्या आयसीयूत निदान महिनाभराची पोस्टिंग हवी. तिथे बसल्यावर कळतं की २८व्या आठवड्यात दोन दिवस वाढवून मिळणं म्हणजे काय. बाळाची फुप्फुसं लवकर तयार व्हावीत म्हणून सरकारी मार्गदर्शनात आईला डेक्सामेथासोनचे सहा मिलिग्रॅमचे चार डोस दर बारा तासांनी आहेत. मधुमेही आईला ते दिल्यावर साखर उसळते, इन्सुलिन वाढवावं लागतं, हे फेलोला सांगून ठेवलेलं नसेल तर दुसऱ्या दिवशी पळापळ होते.

कायदा आणि समुपदेशन

पीसीपीएनडीटी, म्हणजे गर्भलिंग तपासणीवर बंदी घालणारा कायदा, ही या फेलोशिपची सगळ्यात व्यावहारिक अडचण आहे, आणि ती कोणी आधी सांगत नाही. ज्या केंद्रात तुम्ही प्रोब धरणार त्या केंद्राच्या नोंदणीत तुमचं नाव असावं लागतं. कर्मचारी बदलाची सूचना ३० दिवस आधी द्यायची असते आणि नवं प्रमाणपत्र यायला वेळ लागतो. म्हणजे रुजू झाल्यावर अर्ज गेला तर सुरुवातीचा महिना-दोन महिने नुसतं बघण्यात जातो. चांगलं केंद्र निवड झाल्या दिवशीच कागदपत्रं मागून घेतं. जे केंद्र ‘नावाचं बघू नंतर, तुम्ही करा सुरू’ म्हणतं तिथून काढता पाय घ्यावा. तिथे पहिला गुन्हा तुमच्या नावावर लागेल. फॉर्म एफ, म्हणजे प्रत्येक गरोदर बाईच्या सोनोग्राफीची कायद्याने लागणारी नोंद, स्वतः भरायला शिका. रकाना रिकामा राहिला तरी केस होते.

गर्भपाताच्या कायद्यातली २०२१ ची दुरुस्ती तोंडपाठ हवी. २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत, २४ पर्यंत ठरावीक परिस्थितीत दोघांचं, आणि त्यापुढे बाळात गंभीर दोष असेल तर मेडिकल बोर्ड. बोर्डाने तीन दिवसांत निर्णय द्यायचा आणि अर्जापासून पाच दिवसांत प्रक्रिया पार पडायची. बोर्डासमोर जाणारा रिपोर्ट लिहिण्याचा सराव फेलोला मिळाला पाहिजे: दोष काय, वाचण्याची शक्यता किती, उपचार कोणते, हे मोजक्या शब्दांत. ‘मल्टिपल अनॉमलीज, ॲडव्हाइस टर्मिनेशन’ एवढंच लिहिलेला कागद बोर्ड परत पाठवतं आणि मधले दिवस त्या बाईचे जातात.

समुपदेशन हा भाग बहुतेक ठिकाणी कच्चा. महाराष्ट्रापुरतं बोलायचं तर विदर्भ आणि नंदुरबार पट्ट्यात सिकलसेल आहे, उल्हासनगरच्या सिंधी वस्तीत थॅलेसेमियाचे वाहक जास्त आहेत, आणि आतेमामे भावंडांतली लग्नं अजूनही होतात. बायकोचा एचपीएलसी (हिमोग्लोबिनचे प्रकार तपासणारी रक्तचाचणी) रिपोर्ट वाहक म्हणून आला की नवऱ्याची तपासणी त्याच आठवड्यात झाली पाहिजे. दोघंही वाहक निघाले तर १४ आठवड्यांच्या आत वारेचा तुकडा तपासायला वेळ उरतो. नवऱ्याला ‘मी धडधाकट आहे, माझं रक्त कशाला’ यावरून तपासणीपर्यंत आणणं, तेही सासूबाई शेजारी बसलेल्या असताना, हे फेलोने स्वतः बोलून शिकायचं काम आहे. इंग्रजीतून समुपदेशनाचं मॉड्यूल पूर्ण केल्याचं प्रमाणपत्र इथे उपयोगी पडत नाही.

कोणी करू नये

ज्यांना फक्त ॲनॉमली स्कॅन (बाळातले दोष शोधणारी सोनोग्राफी) करायचे आहेत त्यांनी दोन वर्षं घालवू नयेत. सहा महिने ते वर्षभराचा चांगला सोनोग्राफीचा कोर्स पुरतो. ज्यांना लगेच स्वतःचं नर्सिंग होम टाकायचं आहे त्यांनीही विचार करावा, कारण या विषयाला मागे रक्तपेढी, एनआयसीयू आणि रात्री येणारा भूलतज्ज्ञ लागतो. याउलट जिल्ह्याच्या ठिकाणी चार-सहा गायनॅक मिळून काम करत असतील तर त्यातल्या एकाने हे जरूर करावं. गरोदरपणात बीपी वाढू नये म्हणून ॲस्पिरिन १५० मिलिग्रॅम रात्री, १६ आठवड्यांच्या आत सुरू करून ३६ पर्यंत, हे नेमकं कोणाला द्यायचं एवढं एकानेही नीट ठरवलं तरी त्या गावातली ३० आठवड्यांची सिझेरियन कमी होतात. सध्या ते विसाव्या आठवड्यात, बीपी वाढल्यावर सुरू होतं. तेव्हा त्याचा उपयोग नसतो.

परदेशाचा विचार असेल तर दोन गोष्टी. अमेरिकेत ही फेलोशिप तीन वर्षांची आहे आणि ती तिथल्या चार वर्षांच्या रेसिडेन्सीनंतर असते. इथलं एमडी झाल्यावर थेट तिथे शिरायचं म्हटलं तर बोर्ड सर्टिफिकेट मिळणं कठीण, बहुतेकांना रेसिडेन्सी पुन्हा करावी लागते. ब्रिटनमध्ये मेडिकल ट्रेनिंग इनिशिएटिव्हमधून जास्तीत जास्त दोन वर्षं काम करता येतं. तिथली सबस्पेशालिटी ट्रेनिंगची जागा ही वेगळी गोष्ट, दोन्हींत गल्लत करू नये.

मुलाखतीत समोरचे तुम्हाला प्रश्न विचारणारच, पण तुम्हीही विचारा. गेल्या वर्षीच्या फेलोचं लॉगबुक दाखवता का? ‘स्वतः केलं’ या रकान्यात किती ओळी आहेत? एचडीयूत खाटा किती, आणि रात्री तिथे कोण असतं? महिन्यातून किती दिवस फक्त लेबर रूमचा रजिस्ट्रार म्हणून राबवणार? स्टायपेंड दर महिन्याला मिळतो की ‘सोयीने’? उत्तरं गोलगोल आली तर त्या हॉस्पिटलातून नुकताच बाहेर पडलेला फेलो शोधा, तो चहाच्या कपावर सगळं सांगतो. आणि रुजू झालात की लॉगबुकवर सही दर महिन्याला घ्या. वर्षअखेरीस एकदम सह्या मागायला जावं तर ज्या कन्सल्टंटसमोर अर्धी कामं केली ते हॉस्पिटल सोडून गेलेले असतात.